शून्याची नोंद

बँकेतली माझी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेली. एखाद्या अक्षराची शेपटी जरा वाकडी दिसली की चेक परत! निवृत्त झालो आणि या विद्येला गिऱ्हाईकच उरलं नाही. घरी रोज संध्याकाळी सौ. विचारायची, "आज काय केलंत?" आणि मी वर्तमानपत्राची घडी पुन्हा एकदा नीट घालायचो.

अशा अवस्थेत मुलीकडे वेल्सला गेलो. तिच्या गावाजवळच न्यू क्वे नावाचं बंदर आणि समोर कार्डिगनचा उपसागर. तिथे स्वयंसेवक धक्क्यावर दोन-दोन तास उभे राहून डॉल्फिन मोजतात. आमची कन्या त्यांतलीच एक. म्हणाली, "बाबा, आईच्या आमटीत चुका काढत बसण्यापेक्षा चला माझ्याबरोबर."

स्वेटर, त्यावर कोट, त्यावर कानटोपी अशा थाटात मी दुर्बीण डोळ्यांना लावली. दर पंधरा मिनिटांनी तक्ता भरायचा : वारा, लाटा, होड्या, प्राणी. थोड्याच वेळात मी ओरडलो, "डॉल्फिन!"

"बाबा, तो बोया आहे."

दुसऱ्यांदा ओरडलो, तो निघाला राखाडी सील. पाण्यातून डोकं वर काढून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा माझ्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा पॉरपॉईज. हा जेमतेम दीड मीटरचा, पाठीवर लहानसा त्रिकोण. डॉल्फिनचा पर विळ्यासारखा मागे वळलेला असतो आणि इथले डॉल्फिन चार मीटरपर्यंत वाढतात, हे ज्ञान मला तिथेच मिळालं.

पुढचा एक तास समुद्रात चिटपाखरू नाही. मी तक्त्यात आडवी रेघ मारली.

"रेघ नको, शून्य लिहा," कन्या म्हणाली. "आपण बघत होतो आणि काही नव्हतं, हीसुद्धा माहितीच. नाहीतर उद्या आकडा घटला, तर डॉल्फिन कमी झाले की बघणारे, कसं कळणार?"

शून्याला एवढा मान असतो हे मला कुणी निवृत्तीच्या दिवशीच सांगायला हवं होतं!

रात्री ती फोटो जुळवत बसली. डॉल्फिनच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या; त्यावरून त्याला ओळखायचं. दोन फोटो शेजारी ठेवून ती म्हणाली, "हा तोच, पाच वर्षांपूर्वीचा!"

मी चष्मा पुसला. "नाही. वरची खाच जुळते. पण जुन्या फोटोत खाली आणखी एक आहे, नव्यात ती नाही. खाच नवी पडेल गं, बुजेल कशी?"

तिने फोटो मोठा केला. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, उद्या बाकीचे फोटोही बघाल?"

इतक्यात आतून प्रश्न आलाच, "आज काय केलंत?"

"एक चेक परत केला," मी म्हणालो.

"अगंबाई, इथेसुद्धा!" सौ. म्हणाली.