कार्डाची मागची बाजू

बेसबॉल कार्डांची बातमी आपल्यापर्यंत पोचते ती बहुतेक वेळा लिलावाच्या आकड्यातून. मिकी मँटलचं १९५२ सालचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मार्च २०२५ मध्ये पॉल स्कीन्स या तरुण पिचरच्या, जगात एकच प्रत असलेल्या कार्डाला ११ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. असं वाचल्यावर हा पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चाललेला सट्टा आहे असं कुणालाही वाटेल. मला मात्र या छंदाचा जीव वेगळ्याच ठिकाणी दिसतो. हंगामभर टप्प्याटप्प्याने निघणारा साधा, स्वस्त, हजारोंनी छापलेला संच पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत जुळवत नेणं, हा खरा संग्रह. त्या संचात खेळाबद्दल कधी काय ठाऊक होतं याची नोंद राहते, आणि अशी नोंद दुसरीकडे कुठे सहसा सापडत नाही.

हे कसं घडतं ते पाहू. टॉप्स ही मूळची ब्रुकलिनची बबलगम बनवणारी कंपनी. तिचा मुख्य संच आता तीन हप्त्यांत येतो. खेळाडू सरावाच्या छावण्यांत जमतात त्या फेब्रुवारीच्या सुमाराला पहिली मालिका, उन्हाळ्यात दुसरी आणि हंगाम सरता सरता ‘अपडेट’. २०२४ मध्ये प्रत्येक हप्त्यात ३५० कार्डं होती. मोठ्या लीगमध्ये संघ ३०, प्रत्येकाचे सामने १६२, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज खेळ. एवढ्या काळात माणसं जागची हलणारच. हिवाळ्यात करार होतात, जुलैअखेर अदलाबदलीची मुदत संपण्याआधी धावपळ होते, कुणी जायबंदी होतो, कुणी खालच्या लीगमधून वर येतो. स्कीन्स पिट्सबर्गकडून पहिल्यांदा मैदानात उतरला तो ११ मे २०२४ रोजी. फेब्रुवारीचं पाकीट फोडणाऱ्याच्या हाती त्याचं नाव लागणं शक्यच नव्हतं. जुलैमध्ये तर ऑल-स्टार सामन्यात तो आपल्या बाजूचा पहिला पिचर होता. तिन्ही हप्ते शेजारी ठेवले की मधले महिने आपोआप दिसू लागतात.

आता एखादं कार्ड उलटून पाहा. पुठ्ठा अडीच इंच रुंद, साडेतीन इंच लांब. पुढे रंगीत छायाचित्र, मागे बारीक अक्षरात उंची, वजन, कोणत्या हाताने फेकतो, कोणत्या हाताने मारतो, जन्मगाव. आणि खाली एकेका वर्षाची एकेक ओळ. या मांडणीचा पाया टॉप्सचे साय बर्जर यांनी १९५१ च्या सुमाराला ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घातला, असं सांगतात. मोठ्या नावांच्या मागची आकडेवारी सगळ्यांना पाठ असते. मला महत्त्वाच्या वाटतात त्या राखीव कॅचरच्या, तीन वर्षांत तीन संघ बदललेल्या पिचरच्या ओळी. संग्राहक अशा कार्डाला ‘कॉमन’ म्हणतात आणि ते पाच-दहा सेंटला विकलं जातं. पण हंगाम उभा राहतो तो अशाच माणसांवर, आणि संच पुरा करणाऱ्याला त्यांना वगळताच येत नाही.

हे आकडे फोनवर ताजे मिळत असताना पुठ्ठा कशाला, असा पहिला आक्षेप येईल. उत्तर आक्षेपातच आहे: फोनवरचे आकडे ताजे असतात, म्हणजे कालचे पुसलेले असतात. कार्ड शिळं होतं आणि शिळंच राहतं. १९७४ चा संच घ्या. सॅन डिएगोचा पाड्रेस संघ वॉशिंग्टनला हलणार हे जवळपास ठरलं होतं, म्हणून टॉप्सने त्या संघाची काही कार्डं ‘वॉशिंग्टन’ असं छापून टाकली. मग रे क्रॉक या उद्योगपतीने संघ विकत घेतला, तो सॅन डिएगोतच राहिला आणि पुढच्या छपाईत नाव दुरुस्त झालं. पण त्या संघातल्या विली मकोव्ही यांचं वॉशिंग्टनचं कार्ड उरलं, कधी अस्तित्वातच न आलेल्या संघाचं. अधिकृत नोंदवहीत त्या संघाचा एक सामनाही नाही. त्या हिवाळ्यात लोक काय धरून चालले होते, ते मात्र या चुकलेल्या पुठ्ठ्यावर स्वच्छ वाचता येतं.

दुसरा आक्षेप जुगाराचा, आणि तो मी हलका मानत नाही. पाकीट बंद असतं, आत एखादं दुर्मिळ कार्ड असेल या आशेवर ते विकलं जातं. स्कीन्सचं ते कार्ड, ज्यात त्याच्या पहिल्या सामन्याच्या गणवेशावरची पट्टी बसवली होती, ११ वर्षांच्या एका मुलाला पाकिटातच मिळालं. अशी एक बातमी किती पालकांचे किती पैसे पाकिटांत घालायला लावत असेल! जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स या कंपनीने टॉप्स विकत घेतली, तेव्हापासून चमकत्या, क्रमांकित, स्वाक्षरीच्या आवृत्त्यांचा मारा थांबलेला नाही. हे वाईटच आहे. पण हा दोष नशिबाच्या विक्रीचा आहे, संचाचा नाही. संच जुळवणाऱ्याला हव्या असलेल्या कार्डांची यादी ठाऊक असते. थोडी पाकिटं फोडून उरलेली कार्डं तो अदलाबदलीने किंवा सुटी घेऊन पुरी करतो. त्याचा खर्च मोजता येतो आणि कुठेतरी संपतो. राहता राहिला गुंतवणुकीचा मुद्दा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी पुढे भाव येईल म्हणून खोकेच्या खोके न फोडता माळ्यावर ठेवले. सगळ्यांनीच ठेवले, म्हणून भाव आला नाही. उलट, १९५२ च्या संचाचा शेवटचा हप्ता हंगाम सरताना दुकानांत आला आणि पडून राहिला. त्याचे उरलेले खोके १९६० मध्ये बार्जवरून अटलांटिकमध्ये बुडवल्याचं खुद्द बर्जर सांगत. मँटलचं कार्ड त्याच हप्त्यातलं. तेव्हा ते कुणी भविष्याकडे डोळा ठेवून जपलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ३०,००० हून अधिक बेसबॉल कार्डं आहेत. ती दिली जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने. संधिवाताने बोटं आखडलेली असताना त्यांनी वर्षानुवर्षं तिथे बसून कार्डं वहीत चिकटवली, क्रमवार लावली. नामवंत आणि अनाम यांत भेद केला नाही. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरं झालं आणि दोनच महिन्यांत ते गेले. आज जुन्या कार्डांना संग्राहक ज्या सांकेतिक नावांनी ओळखतात, ‘टी २०६’ सारखी, ती बर्डिक यांच्याच सूचीतली आहेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या तुमच्या भाच्या-पुतण्याने येत्या फेब्रुवारीत पहिल्या मालिकेचं पाकीट फोडलं, तर याचे किती येतील असं त्याला विचारू नका. सगळ्यात अनोळखी चेहऱ्याचं कार्ड उलटं करून मागची बाजू मोठ्याने वाचायला सांगा.