आकड्यांचें पाऊल

दिघ्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. मध्यें रेल्वेचे रूळ, कारखाने आणि उतारावर दाटीनें वसलेलीं घरें. पावसाळ्यांत "आज रात्रीं किती पडेल?" हा प्रश्न येथें केवळ वाळवणापुरता नसतो. दरडीखालीं राहणाऱ्याला त्या उत्तरावर निजावें कीं जागावें, हें ठरवावें लागतें.

तें उत्तर काढतांना पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंतील संगणकांचा मोठा आधार घेतला जातो. वृत्तपत्रें त्या यंत्रांच्या वेगाचेंच कौतुक करितात. मला मात्र वेगाहून पाऊल महत्त्वाचें वाटतें.

घरांतलेंच उदाहरण घ्या. दूध उतरवून ठेविलें. तें हवेपेक्षां 40 अंश अधिक ऊन आहे. या अंतराचा दहावा हिस्सा दर मिनिटास कमी होतो, असा नियम धरूं. मिनिटा-मिनिटाचें पाऊल टाकिलें, तर 40 चे 36, 36 चे 32.4, असें दूध शहाण्यासारखें निवत जातें. आतां घाई करून एकदम 25 मिनिटांचें पाऊल टाका. 40 मधून 100 वजा होऊन दूध हवेपेक्षां 60 अंशांनीं थंड झालें! पुढच्या पावलास तेंच 90 अंशांनीं ऊन, त्यापुढें 135 अंशांनीं थंड. नियम खरा, वजाबाकी बिनचूक, आणि उत्तर वेडें. यंत्र कितीहि वेगवान असो, तें हेंच वेडेपण अधिक लौकर करून दाखवील.

वाऱ्यापाण्याच्या गणितांत तर नियम अनेक आणि ते एकमेकांत गुंतलेले. रिचर्डसन या इंग्रज गृहस्थानें 1910 च्या 20 मे या दिवसाचें हवामान हातानें गणून पाहिलें. सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारांनीं वाढेल, असें निघालें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ हललाहि नव्हता. येथें दोष मुख्यतः आरंभींच्या नोंदींचा होता. वारा आणि दाब यांचा त्यांत मेळ नव्हता. तरीहि त्यानें हें अपयश 1922 च्या आपल्या ग्रंथांत जसेंच्या तसें छापिलें, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

पावलाचा प्रश्न 1928 सालीं कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनीं उलगडला. त्यांच्या डोळ्यांपुढें संगणक नव्हताच. साध्या रीतीपुरता त्याचा अर्थ असा, कीं एका पावलांत लहर एका चौकटीहून अधिक पुढें जातां कामा नये. चौकट 6 किलोमीटरांची आणि लहर सेकंदास 300 मीटर धांवणारी असेल, तर पाऊल 20 सेकंदांच्या आंतच हवें. हें बंधन सैल करणाऱ्या दुसऱ्या रीती आहेत; पण त्यांना गणिताचें ओझें वेगळें.

मे 2025 मध्यें पुण्याची नवी पद्धति सुरू झाली, तिची चौकट सुमारें 6 किलोमीटरांचीच आहे. पूर्वीची 12 ची होती. सुधारणा लहान नव्हे. पण आमचा डोंगर आणि खाडी यांतील अंतर 6 किलोमीटरांहून पुष्कळ कमी. दोन्ही एकाच चौकटींत पडलीं, तर गणितापुरती तेथें एकच सरासरी उंची. ठाण्याच्या परिसरांत जोराचा पाऊस येणार, हें त्यांतून कळूं शकेल. इलठणपाड्याकडचा कोणता ओहोळ फुगेल, हें नव्हे. चौकट निम्मी करावी, तर चौकटी चौपट आणि पावलें दुप्पट. म्हणजे साध्या रीतीनें श्रम 8 पट. दीड किलोमीटरावर यावयाचें तर 64 पट. आणि तेव्हां कोठें डोंगर व खाडी निरनिराळ्या चौकटींत पडूं लागतील.