वाऱ्याची ओळख

वारा डोळ्यांना दिसत नाहीं, हें शाळेंतील पोरालाहि ठाऊक असतें. पण तो दिसत नाहीं म्हणून आपण त्याला किती विसरून वागतों, हें मला माझ्या पुतणीच्या ड्रोननें दाखविलें.

तिचा व्यवसाय पुलांच्या तपासणीचा. पुलाच्या पोटाला पडलेल्या भेगा पाहावयाच्या तर पूर्वीं परांची बांधावी लागे. आतां चार पंख्यांचें एक लहानसें यंत्र कॅमेरा घेऊन खांबांमधून हिंडतें. उघड्या आकाशाखालीं तें मोठें शहाण्यासारखें वागतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएसच्या निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, कीं आपण कोठें आहों हें त्यास कळतें, आणि वाऱ्यानें ढकललें तरी बेताच्या वाऱ्यांत तें उलट झुकून आपली जागा राखतें. उडविणाऱ्यानें दांड्यांवरील बोटें काढलीं तरी चालतें.

पण पुलाखालीं हे संदेश नीट पोंचत नाहींत, आणि काँक्रीटमधील लोखंड होकायंत्रालाहि चकवितें. खालची जमीन पाहून स्थिर राहण्यासाठीं यंत्राच्या पोटाशीं एक कॅमेरा असतो खरा. परंतु खालीं वाहतें पाणी असलें म्हणजे तो बिचारा पाण्यालाच जमीन समजतो आणि प्रवाहाबरोबर चालूं लागतो! आणि पुलाखालीं असतें कोण? धुणें धुणाऱ्या बायका, डुंबणारीं पोरें. त्यांच्या डोक्यावर असलें फिरतें पातें जाणें हा कांहीं थट्टेचा विषय नव्हे.

म्हणून गेला महिनाभर ती रोज सकाळीं मैदानावर अभ्यास करते आणि मी लोकांना दूर ठेवतों. तिच्याजवळ एक जुनें यंत्र आहे. त्यांत उपग्रहांची मदत बंद करण्याची कळ आहे. नव्या पुष्कळ यंत्रांत ती ठेवलेलीच नसते. कळ फिरविली कीं वायुभारमापक उंची संभाळतो, आंतील दुसरीं उपकरणें तोल राखतात, पण जागा राखणारें कोणी उरत नाहीं. बोटें काढलीं तर यंत्र थांबत नाहीं. आलेल्या वेगानें पुढें सरकतें आणि मग वारा नेईल तिकडे जातें. थांबवावयाचें तर दांडी उलट लोटावी लागते, तीहि बेतानें.

प्रथम यंत्राची पाठ आपल्याकडे ठेवून तें एका जागीं धरावयाचें, मग आडवें, आणि शेवटीं त्याचें तोंड आपल्याकडे करून. हा शेवटचा धडा फार कठीण. त्यांत डावें तें उजवें होतें. आरशांत पाहून कात्रीनें मिशा नीट करणारांस ही अडचण सांगावयास नको.

परवां ती एकाएकीं म्हणाली, "काका, वारा फिरला." मला तर झाडाचें पानहि हललेलें दिसलें नव्हतें. तिला तो बोटांत कळला होता.

पुढील आठवड्यांत तिला एका जुन्या पुलाखालीं जावयाचें आहे. मीं विचारलें, "तेथें उपग्रह मध्येंच सांपडले तर बरेंच, नाहीं?"

"तेंच सर्वांत वाईट, काका," ती म्हणाली. "संदेश खांबांवर आपटून अर्धवट आले, म्हणजे यंत्राला वाटतें आपण भलतीकडेच आहों, मग तें जागेवर येण्यासाठीं सरळ खांबावर धांवतें. मी ती कळ पुलाशीं पोंचण्यापूर्वींच बंद करणार."