साडेचार हजार अक्षरे

वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा मला प्रथम आठवला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा अर्ज. तिची संमती घेऊनच ही हकीकत सांगत आहे. नाव मात्र देत नाही.

ती २०१४ साली आपल्या शाळेतून दहावीची परीक्षा उतरली. पुढे तिने फिजिओथेरपीची पदवी घेतली, दोन वर्षे एका रुग्णालयात नोकरी केली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ या शिक्षणक्रमासाठी अर्ज करण्याचे ठरविले. ‘अंग चोळून देणारी बाई होण्यास एवढे कशास शिकावयाचे?’ असा प्रश्न तिच्या एका नातलगाने माझ्यादेखत केला होता. तो प्रश्न करणारे आपल्या पालकवर्गातही असतील, म्हणून थोडे विषयांतर करते. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांस पुन्हा हिंडते-फिरते करण्यासाठी अमेरिकेत स्त्रियांस हे शिक्षण देण्यात आले. त्यांत मेरी मॅकमिलन ही प्रमुख होती, आणि १९२१ साली या स्त्रियांनी आपली संस्था स्थापिली तेव्हा पहिली अध्यक्षही तीच झाली. तेव्हा काही महिन्यांत पुरे होणारे हे शिक्षण वाढत वाढत पदवीपर्यंत गेले. १९९३ साली क्रेटन विद्यापीठाने या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी डॉक्टरेटचा शिक्षणक्रम सुरू केला, आणि २०१५ च्या अखेरीपासून तर तेथील सर्व मान्य संस्थांस तीच पदवी देणे भाग पडले. हा शिक्षणक्रम बहुधा तीन वर्षांचा असतो. बाहेरच्या देशात शिकलेल्यास तेथे काम करावयाचे असल्यास आपले शिक्षण त्याच तोडीचे आहे हे सिद्ध करावे लागते. त्या खटाटोपापेक्षा तोच अभ्यास पहिल्यापासून करावा, असा तिचा विचार. असो.

अर्ज हे एक प्रकरणच होते. आपल्याकडील गुणपत्रिकांतील एकेक विषय तपासून तो तेथे कशाच्या बरोबरीचा आहे हे ठरवून घ्यावयाचे. प्रत्यक्ष रुग्णांसमवेत किती तास घालविले त्यांचा हिशेब द्यावयाचा. काही संस्थांची निराळी परीक्षा. आणि शिक्षक व फिजिओथेरपिस्ट यांची शिफारसपत्रे. ही पत्रे वाचण्याचा आपला हक्क आपण सोडतो काय, असेही अर्जदारास विचारतात, आणि बहुतेक तो सोडतात. मला ही रीत फार आवडली. सर्वांच्या शेवटी होता एक निबंध. त्याची मर्यादा विरामचिन्हे व मोकळ्या जागा धरून साडेचार हजार अक्षरे. तो घेऊन ती एका रविवारी सायंकाळी मजकडे आली. ‘बाई, इंग्रजी तेवढे तपासून द्या,’ म्हणाली.

इंग्रजी निर्दोष होते. ‘रोगशय्येवर खिळलेल्या माझ्या पित्याकडे पाहून माझ्या कोमल अंतःकरणात सेवेची ज्योत प्रज्वलित झाली,’ अशा अर्थाने आरंभ. आणि ‘माझ्या इवल्या हातांच्या बळावर ते पुन्हा चालू लागले’ हा शेवट. आता मी तिच्या घराच्या शेजारच्याच चाळीत राहते. तिचे वडील एस.टी.मध्ये वाहक होते. २०१२ साली, ही नववीत असता, त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर ते कामावर गेले नाहीत. रोज सकाळी ओट्यावर खुर्चीत बसलेले मला दिसतात.

मी रागावणार होते. परंतु ती वाक्ये ओळखीची वाटली, आणि मग ध्यानात आले की ती माझीच होती. गेली कित्येक वर्षे ‘माझे ध्येय’ हा निबंध मी नववीच्या वर्गास फळ्यावर लिहून देत आले आहे. आरंभी एक आजारी मनुष्य, मध्ये संकल्प, शेवटी यश. अक्षर चांगले असल्यास दहापैकी आठ गुण. त्या वर्षी तिचे वडील रुग्णालयात असताना तिने तो निबंध वहीत उतरवून घेतला, आणि मी त्यास आठ गुण दिले.

‘अगं, पण ते चालत कुठे आहेत?’ मी विचारले.

ती ओशाळली, मग थोडी चिडलीही. ‘बाई, सगळे असेच लिहितात. खरे लिहून कोण घेणार?’

मी म्हटले, ‘तू रुग्णांच्या कागदावर असेच लिहितेस?’

‘छे! कोपर नव्वद अंशांपर्यंत वाकत असेल तर आम्ही नव्वदच लिहितो. पंच्याण्णव लिहिले तर पुढच्याला सुधारणा झाली की नाही हे कसे कळणार?’

‘मग बाबांचा कागद लिही.’

तिने तेथेच बसून लिहिले. उजवी बाजू दुर्बल. उजव्या हाताने वस्तू धरता येत नाही. सदऱ्याच्या गुंड्या डाव्या हाताने लावतात. सुमारे चार मिनिटे लागतात. काठी व एका माणसाचा आधार घेऊन वीस पावले. उजव्या खांद्यास जुने दुखणे.

‘खांद्यास काय झाले?’ मी विचारले. हे मला ठाऊक नव्हते.

बराच वेळ ती बोलली नाही. मग सांगितले. अर्धांगात खांद्याभोवतालचे स्नायू लुळे पडतात, आणि हाताच्या भारानेच हाड खोबणीतून खाली सरकू लागते. अशा माणसास त्या हाताने ओढून कधीही उठवावयाचे नसते. घरी हे कोणासच माहीत नव्हते. वडिलांस उठविण्याचे काम हिचे; ही रोज दोन्ही हातांनी तोच हात धरून ओढी. त्यांस नीट बोलता येत नव्हते. ते केवळ कण्हत, आणि हिला वाटे की आळस करतात. पुढे रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टने ते पाहिले. तिने हिला रागे भरले नाही. पाठीमागून व कमरेस आधार देऊन कसे उठवावे ते दाखविले, आणि हिच्याकडून दहा वेळा करवून घेतले. ‘त्या दिवशी मी ठरवले,’ ती म्हणाली. ‘पण हे कसे लिहू? मीच दुखावले म्हणून?’

या प्रश्नास मजपाशी तयार उत्तर नव्हते. अर्ज म्हणजे आपले गुण सांगण्याची जागा. तेथे अपराध सांगून एखाद्या मुलीचे भवितव्य धोक्यात घालण्याचा मला काय अधिकार? चुकले तर पुरे एक वर्ष तिचे जाणार होते, माझे नव्हे. हे मी तिला स्पष्ट सांगितले, आणि तो कागद तिच्या हाती परत दिला. मी फळ्यावर लिहून दिलेल्या निबंधाबद्दल क्षमाही मागितली. त्यावर ती हसली व म्हणाली, ‘आठ गुण तर मिळाले होते, बाई!’

चार दिवसांनी ती नवा निबंध घेऊन आली. त्यात खांदा होता. मी दोन स्वल्पविराम घातले. अन्य काही केले नाही.

तिने पाच संस्थांकडे अर्ज केले होते. तिघांनी नाही म्हटले, एकाने प्रतीक्षायादीत ठेवले, एकाने मुलाखत घेतली. तीत खांद्याविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही, संख्याशास्त्रच अधिक विचारले. तेथे तिला प्रवेश मिळाला आणि २०२४ साली ती गेली.

अर्ज धाडण्यापूर्वीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्याविषयी लिहिले आहे तर वडिलांस ते कळावे, म्हणून तिने तो निबंध ओट्यावर बसून त्यांस मराठीत वाचून दाखविला. मीही तेथे होते. खांद्याचा मजकूर आला तेव्हा तिचा आवाज कापू लागला. ते मात्र रस्त्याकडे पाहत राहिले. पावलांचे वाक्य आले तसा त्यांनी डावा हात वर करून तिला थांबविले. उभ्या आयुष्यात तिकिटे आणि सुटे पैसे मोजलेला तो मनुष्य.

‘वीस नव्हे,’ ते अडखळत म्हणाले. ‘बावीस. शेवटची दोन... तू पाणी आणायला गेली होतीस.’

तिने पेन्सिल घेतली, वीस खोडले आणि बावीस लिहिले.