नागसेनवन ते संसद भवन

औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरहून, दिल्लीला जायचे म्हटले की आपली माणसे सचखंड एक्स्प्रेसचेच नाव घेतात. नांदेडहून निघालेली ही गाडी दुपारी आपल्या स्टेशनात येते आणि मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा करीत दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला पोचविते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठी चिवडा एवढी शिदोरी पुरते. गेल्या हिवाळ्यात आम्ही बारा जण या गाडीने निघालो. विहाराच्या महिला मंडळातील भगिनी, दोन निवृत्त शिक्षक आणि अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चार-पाच मुले-मुली असा आमचा मेळ होता. चैत्यभूमीला आपण जातो, दीक्षाभूमीला जातो. ज्या वास्तूत संविधान घडले ती वास्तू मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे. म्हणून हा खटाटोप.

पहिल्या दिवशी आम्ही २६, अलीपूर रोड येथे गेलो. परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच झाले. २०१८ मध्ये येथे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी संसद. एका खासदारांच्या शिफारशीने प्रेक्षक सज्जाचे पास मिळाले होते. मोबाईल, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, झडती होते आणि मगच आत सोडतात.

जुने गोल संसद भवन १९२७ साली सुरू झाले. त्याच्या भोवतालचे १४४ खांब पाहताना मान दुखते. याच वास्तूतील मध्यवर्ती सभागृहात संविधान सभा बसत असे. १९९० साली तेथे बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. संविधान लागू होऊन चाळीस वर्षे लोटल्यावर! २०२३ पासून या वास्तूचे नाव संविधान सदन झाले आहे आणि दोन्ही सभागृहांचे कामकाज शेजारच्या नव्या त्रिकोणी इमारतीत चालते. १९६७ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी अनावरण केलेला बाबासाहेबांचा पुतळा २०२४ मध्ये संसदेच्याच आवारात प्रेरणा स्थळ येथे हलविण्यात आला. तेथे आम्ही त्रिवार वंदन केले आणि सज्जाकडे निघालो.

मेजाभोवतीची माणसे

सज्जातून लोकसभा पाहताना प्रत्येक जण ओळखीचा चेहरा शोधत होता. तेवढ्यात आमच्यातील एका मुलीने हळूच विचारले, "सर, अध्यक्षांच्या समोर खाली मेज आहे, तिथे बसलेले लोक कोण? ते तर काहीच बोलत नाहीत."

प्रश्न मोलाचा होता. सज्जात बोलायला मनाई असल्यामुळे उत्तर बाहेर आल्यावर दिले. ते सर्व वाचकांसाठीही येथे देत आहोत, कारण आम्ही दिल्लीत जे पाहिले त्यात आम्हाला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटले.

ते लोक खासदार नाहीत आणि सरकारी खात्याचे नोकरही नाहीत. ते संसदेचे स्वतःचे सेवक आहेत. लोकसभेचे एक सचिवालय आहे, राज्यसभेचे दुसरे. प्रत्येकाचा प्रमुख महासचिव. लोकसभेच्या महासचिवाची नेमणूक लोकसभेचे अध्यक्ष करतात, राज्यसभेच्या महासचिवाची सभापती करतात. त्याचा दर्जा देशाच्या मंत्रिमंडळ सचिवाइतका असतो, पण तो पंतप्रधानांना उत्तरदायी नसतो. राष्ट्रपतींच्या आदेशाने अधिवेशनाची बोलावणी खासदारांना तोच पाठवितो. निवडणुका होतात, लोकसभा विसर्जित होते, खासदार घरी जातात. सचिवालय मात्र जागेवर असते. जुने नियम, जुने निर्णय, जुन्या भाषणांची नोंद हे सर्व त्याच्या कपाटात राहते आणि नवा खासदार त्याच्याच आधाराने काम शिकतो.

महासचिवाच्या हाताखाली अनेक सेवा आहेत. विधेयके व प्रश्न पाहणारे, समित्यांचे काम करणारे, शब्दन् शब्द टिपून घेणारे प्रतिवेदक, एका भाषेतले भाषण तत्क्षणी दुसऱ्या भाषेत सांगणारे दुभाषे, अनुवादक, ग्रंथपाल, संशोधक, छपाई पाहणारे, सुरक्षा सहायक, चालक आणि निरोपे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला तेव्हा प्राण देणाऱ्यांत जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंग नेगी हे संसदेच्या सुरक्षा सेवेतील दोन साधे कर्मचारीही होते, हे आपण विसरू नये.

कलम ९८

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. इंग्रजांच्या काळात केंद्रीय विधिमंडळाचे कारकून सरकारच्या कायदा खात्याचेच असत. ज्या सरकारला प्रश्न विचारायचे, त्याच सरकारचा नोकर प्रश्न घेणार आणि सभागृहाच्या प्रमुखाला सल्ला देणार! विठ्ठलभाई पटेल १९२५ साली या विधिमंडळाचे निवडून आलेले पहिले हिंदी अध्यक्ष झाले. त्यांना ही गोष्ट खटकली. १९२८ मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंनी ठराव मांडला, तो मंजूर झाला आणि १० जानेवारी १९२९ पासून विधिमंडळाचे वेगळे खाते सुरू झाले. परंतु एका खात्याचा हुकूम दुसऱ्या हुकमाने रद्द होऊ शकतो. त्याला कायम आधार हवा होता.

१९४८ च्या संविधानाच्या मसुद्यात या विषयाचे कलमच नव्हते. संसदेला सरकारपासून स्वतंत्र सचिवालय असावे अशी मागणी प्रांतोप्रांतीच्या अध्यक्षांनी केली. बाबासाहेबांनी ती मानली आणि ३० जुलै १९४९ रोजी संविधान सभेत नवे कलम मांडले. तेच आजचे कलम ९८. प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवीय कर्मचारीवर्ग असेल. भरती व सेवाशर्ती संसद कायद्याने ठरवील. तोपर्यंत अध्यक्ष किंवा सभापती यांच्याशी विचारविनिमय करून राष्ट्रपती नियम करतील, असे ते सांगते. त्याप्रमाणे लोकसभेसाठी १९५५ मध्ये आणि राज्यसभेसाठी १९५७ मध्ये नियम झाले. त्या वेळी राष्ट्रपती होते डॉ. राजेंद्र प्रसाद. आपल्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी बसविणारे हेच राजेंद्रबाबू. बाबासाहेब एका हाताने दिल्लीत राज्यसंस्थेची बांधणी करीत होते आणि दुसऱ्या हाताने, जून १९५० पासून, आपल्या या निजामी मुलखात ती संस्था चालविणारी माणसे घडवायला घेत होते. दोन्ही कामे एकाच विचाराची होती.

राज्यांसाठी असेच कलम १८७ आहे. मुंबईला अर्ज घेऊन जाणारे आपले वडीलधारे अजून "सचिवालयात जाऊन आलो" म्हणतात. त्यांचे सचिवालय म्हणजे मंत्रालय. १९७५ साली त्याचे नाव बदलले. नरिमन पॉइंटच्या विधान भवनातील महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय हे वेगळे. मंत्रालय सरकारचे, विधानमंडळ सचिवालय आपण निवडून दिलेल्या सभागृहांचे. हा फरक प्रत्येक घरात समजला पाहिजे.

आपल्याला याचे काय?

महिला मंडळातील एका आजींनी हेच विचारले, "कारकून कुणाचा का असेना, आपल्याला काय त्याचे?"

उत्तर एका उदाहरणात आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या कल्याणासाठी संसदेची एक समिती आहे. १९६८ साली ती प्रथम नेमली गेली. तिच्यात लोकसभेचे २० आणि राज्यसभेचे १० असे ३० सदस्य असतात. राखीव जागांचा अनुशेष किती राहिला, बढतीत कोणाला डावलले, हे ती मंत्रालयांना, बँकांना, सार्वजनिक उद्योगांना बोलावून विचारते. खासदार विचारतात हे खरे. पण कागद मागविणे, आकडे पडताळणे, प्रश्नावली तयार करणे, अहवालाचा मसुदा लिहिणे हे काम सचिवालयातील माणूस करतो. आता विचार करा आजी, तो माणूस त्याच मंत्र्याच्या हाताखालचा असता, त्याची बदली आणि बढती त्याच मंत्र्याकडे असती, तर अडचणीचा कागद टेबलावर आला असता का? बाबासाहेबांनी कलम ९८ मध्ये त्याच्या पाठीशी संविधान उभे केले, ते यासाठी.

मात्र दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, भरती व सेवाशर्तींचा कायदा करण्याचा अधिकार संविधानाने संसदेला दिला, पण तो कायदा संसदेने अजून केलेला नाही. "तोपर्यंत" म्हणून केलेले १९५५ व १९५७ चे नियमच सुधारणांसह चालू आहेत. म्हणजे सर्व भिस्त अध्यक्ष आणि सभापती यांच्यावर. अध्यक्ष बहुमताने निवडला जातो, म्हणून तो बहुधा सत्ताधारी बाजूचाच असतो. विठ्ठलभाईंनी अध्यक्ष होताच आपला स्वराज्य पक्ष सोडला होता. तशी रीत पुढे रुजली नाही. आसनावरील व्यक्ती किती निःपक्ष आहे, यावर किती अवलंबून असते ते बाबासाहेबांनी स्वतः भोगले. ऑक्टोबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन करायला ते उभे राहणार होते. निवेदनाची प्रत आधी दिल्याशिवाय उपाध्यक्षांनी परवानगी दिली नाही. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. सेवक स्वतंत्र असला तरी आसन स्वतंत्र नसेल तर घटनाकाराचेही तोंड बंद होते, हा त्याचा धडा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. सचिवालय स्वतंत्र असल्यामुळे सरकारचे सेवाविषयक आदेश तेथे आपोआप लागू होत नाहीत, अध्यक्षांनी स्वीकारले की लागू होतात. आज लोकसभा सचिवालयाच्या जाहिरातीत राखीव जागा दाखविलेल्या असतात. पण त्या जागांसाठी आपल्याकडून अर्ज जातो का? ही भरती संघ लोकसेवा आयोग करीत नाही, सचिवालये स्वतः करतात. त्यामुळे आयोगाच्याच जाहिरातीकडे डोळे लावून बसणाऱ्यांच्या हातून ती निसटते. औरंगपुऱ्यात, टी.व्ही. सेंटरला, उस्मानपुऱ्यात रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका भरलेल्या असतात. आमच्याबरोबरच्या मुलांना तलाठी, पोलीस, तहसीलदार या सर्व परीक्षा तोंडपाठ होत्या. संसदेच्या सचिवालयाची परीक्षा असते हे एकालाही ठाऊक नव्हते. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

तेथे ग्रंथपाल लागतात, आणि आपल्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवितात. अनुवादक लागतात, आणि आपली मुले मराठी, हिंदी, इंग्रजी शिकतात. प्रतिवेदक लागतात, आणि शॉर्टहँड-टायपिंग शिकून तर आपल्या एका पिढीने घरे उभी केली. संगणक आल्यावर आपण शॉर्टहँड सोडून दिले. संसदेने सोडलेले नाही.

परतीच्या गाडीत झाशीपर्यंत याच विषयावर बोलणे चालले होते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वहीत कलम ९८ आणि कलम १८७ उतरवून घेतले. आमची वाचकांना विनंती आहे की, तुमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या फलकावर लोकसभा, राज्यसभा आणि विधानमंडळ सचिवालयाच्या जाहिराती निघतील तेव्हा त्या लावा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर संविधानाचे एक कलम वाचीत असाल, तर एके रविवारी हे वाचा. बाबासाहेबांनी संसदेत बोलणाऱ्यांसाठी जागा राखल्या, तशी तेथे लिहिणाऱ्यांनाही सरकारच्या धाकापासून सुटका दिली. बोलणारे आपण पाठविले आहेत. आता लिहिणारे पाठवू या.

जयभीम!