बॅटरी हवीच कशाला?

तर झालं असं, की पावसाळ्यातल्या एका जोडून आलेल्या सुट्टीत आमची गाडी घेऊन मी कुर्डुवाडीला गेलो. गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याचा छोटा पंप, दोन पंखे आणि दिवे बसवलेत. तिला कॅराव्हॅन म्हणायला मला अजून लाज वाटते. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात होतं.

आतला सगळा संसार १२ व्होल्टवर चालतो आणि त्यासाठी इंजिनच्या बॅटरीखेरीज एक वेगळी बॅटरी लागते. ती पुण्याच्या पार्किंगमध्ये पाच महिने नुसती पडून मेली. नवीची किंमत ऐकून म्हटलं, अंगणात तर उभी करायचीय, घरची लाईट आहे, वायर ओढली की झालं. बॅटरी हवीच कशाला? घरी बहिणीचं बिऱ्हाड उतरलेलं, त्यामुळे आम्ही गाडीतच झोपणार होतो.

पहिला प्रयत्न गाडीतल्याच चार्जरवर. हिरवा दिवा लागला, पण पलीकडे शून्य. हे हुशार चार्जर आधी वायरींवर बॅटरीचा व्होल्टेज आहे का ते बघतात. नसेल तर 'घरात कोणी नाही' म्हणून परत जातात. मग शेजारच्या गॅरेजमधून जुना, ट्रान्सफॉर्मरवाला जड चार्जर आणला. दिवे लागले! पंखे मात्र गुणगुणायला लागले आणि पंधरा मिनिटांत एका एलईडीने राम म्हटलं. मीटर बारा दाखवत होता, पण तो सरासरीचा आकडा. असल्या चार्जरचा व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा शून्यापासून सतराच्या वर उसळतो. एरवी त्या उसळ्या बॅटरी गिळते. इथे त्या दिव्याने गिळल्या.

तिसरा प्रयत्न एसएमपीएस. दुकानांच्या एलईडी पाट्यांना लावतात तो जाळीचा डबा, १० अँपिअरचा. दिवे-पंखे मिळून पाच, पंप चार, म्हणजे नऊ. हिशेब चोख! बायकोने नळ उघडला आणि सगळं अंधारलं. मग उजेड, मग परत अंधार. टक... टक... टक... मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. एसएमपीएस तेवढा देऊ शकत नाही, तो हात वर करतो. पंप थांबतो, लोड उतरतो, डबा परत उभा राहतो, पंप परत ओढतो. सरासरी लोडवर सर्व्हर घेणाऱ्यांना मी ऑफिसात हसतो. आता कोणत्या तोंडाने हसू? बॅटरी म्हणजे नुसता साठा नव्हे, आपल्या भाषेत बफर, हे मला पन्नास रुपयांच्या दिव्याने आणि नळाने शिकवलं.

बाबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. ते रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते. (कुर्डुवाडीत घरटी एक रेल्वेवाला असतोच. आमच्या आजोबांच्या पिढीसाठी गाव म्हणजे 'बार्शी लाईट', १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची गाडी.) म्हणाले, "डब्याखाली बॅटऱ्यांच्या पेट्या उगाच टांगतात होय रे?" जुन्या साध्या डब्याला आसाच्या पट्ट्यावर फिरणारा साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर आणि ११० व्होल्टच्या बॅटऱ्या असायच्या. गाडी हळू झाली की अल्टरनेटर हात टेकतो, बॅटरी पुढे होते. प्रवाशाला पत्ताही लागत नाही. आता नवे एलएचबी डबे इंजिनकडून वीज घेतात, तरी आपत्कालीन दिव्यांसाठी त्यांच्याखालीही बॅटरी असतेच.

मी पंप लागेल तेव्हा पंखे बंद ठेवायचे असा तोडगा काढला आणि झोपलो.

सकाळी आई तुळशीला पाणी घालून आली. अनवाणी, अंगण ओलं. गाडीच्या दाराची कडी धरली आणि हात मागे घेतला. "अगं बाई, मुंग्या आल्यासारखं झालं."

मी आधी मेन स्विच पाडला. खरं सांगतो, पाय लटपटत होते. रात्रभर माझा सात वर्षांचा मुलगा त्याच दाराने ये-जा करत होता.

बाबांच्या ओळखीचा वायरमन आला. त्याने टेस्ट लॅम्पने सॉकेट तपासलं आणि उघडून दाखवलं. समोर तीन भोकं होती, मागे वायरी दोनच. अर्थिंग नव्हतंच! एसएमपीएसमध्ये गडबड गाळायला दोन्ही वायरींपासून धातूच्या डब्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर डबा, आणि तो जिला ठोकलाय ती अख्खी गाडी, अर्ध्या व्होल्टेजला तरंगते, म्हणजे ११५च्या आसपास. खाली रबराची चाकं, त्यामुळे उतरायला वाट नाही. वाट आईने दिली. करंट मिलिअँपिअरहून कमी, म्हणून मुंग्यांवर भागलं. आत एखादी फेजची वायर पत्र्यावर घासून सोलली असती तर? घरातल्या सॉकेटला ही चूक वर्षानुवर्षं खपून गेली होती, कारण आजवर तिथे फक्त इस्त्री आणि मिक्सर लागले होते.

तुळशीपलीकडे खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून पाईप पुरला, जाड वायर सॉकेटपर्यंत आणली आणि गाडीच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वायरमनने त्याचं टेस्टचं बटण माझ्याकडून तीनदा दाबून घेतलं. चौथ्यांदा बाबांनी दाबलं. आईने मात्र कडीला हात लावला नाही. आम्ही निघेपर्यंत ती लांबूनच डबे देत होती.

सोमवारी संध्याकाळी निघताना बाबा म्हणाले, "फलाटाला वायर लावून उभी आहे तोवर ठीक. सुटल्यावर काय?"

टेंभुर्णीला हायवेला लागलो आणि पुढे एका धाब्यावर थांबलो तेव्हा पाऊस होता, मागे गाडीत मिट्ट काळोख. मोबाईलच्या टॉर्चवर बायको आईने दिलेला चटणीचा डबा शोधत होती आणि मी खिशातून बॅटरीवाल्याचं कार्ड.