बिनतारी जाळें आणि अन्वयव्यतिरेक

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे तिच्याविषयीं बोलतांना आपण जी भाषा वापरतों ती फार सैल असते. ‘नेट चालत नाहीं’ हें वाक्य हल्लीं घरोघर दिवसांतून एकदां तरी ऐकूं येतें. व्याकरणदृष्ट्या तें निर्दोष आहे. पण कोण चालत नाहीं, कोठपर्यंत चालतें आणि नेमकें कोठें अडतें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्यांत नाहीं. ‘हा श्लोक समजत नाहीं’ असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास मी प्रथम क्रियापद शोधावयास सांगत असें. तें सांपडलें म्हणजे कर्ता, मग कर्म. बहुधा एखादा संधि न सुटल्यामुळें सारें घोडें अडलेलें असे, आणि बाकीचा श्लोक त्याला येतच होता असें दोघांच्याहि ध्यानांत येई. पस्तीस वर्षें हा उद्योग केल्यावर सेवानिवृत्तींत तोच उद्योग एका संगणकाबरोबर करावा लागेल, असें मात्र वाटलें नव्हतें.

हा संगणक चांगला बारा वर्षांचा आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमींच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्या. त्या बंद होणार हें आधींच जाहीर होतें, आणि पुढची आवृत्ति आमच्या यंत्राला मानवेना. तेव्हां तें भंगारांत घालावें कीं काय, असा प्रश्न घरांत निघाला. माझा पुतण्या पुण्यास याच व्यवसायांत आहे. त्या वर्षीं गणपतीस आला असतां त्यानें त्यावर लिनक्स बसवून दिलें. लिनक्स ही कोणा एका कंपनीची मिळकत नव्हे. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहों, असें जाहीर केलें. आणि पुढें हजारों लोकांनीं तींत भर घातली. तिचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येतो. विद्या विकूं नये असें लहानपणीं ज्यांच्या कानांवर पडलें आहे, त्यांस ही व्यवस्था चटकन् पटते. मात्र धर्माची गाय आणि दांत कां नाहीं, असें म्हणावयाची वेळहि तींत कधीं कधीं येते.

हे दांत विशेषेंकरून बिनतारी जोडणीच्या जागींच नसतात, याला कारण आहे. बिनतारी कार्ड म्हणजे एक लहानसा रेडिओच. त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलणारा मध्यस्थ संगणकांत असावा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. मी सारथि म्हणतों. रथ आहे, घोडे आहेत, पण सारथि नसेल तर रथ जागचा हालावयाचा नाहीं. हा सारथि घडवावयाचा तर कार्डाची आंतली माहिती हवी, आणि ती पुष्कळ कंपन्या देत नसत. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठीं लिनक्सच्या लोकांना अनेक वर्षें उलटा तपास करून स्वतःच सारथि घडवावा लागला. २०१० सालीं त्या कंपनीनें आपल्या नव्या कार्डांसाठीं खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. शिवाय पुष्कळ कार्डांच्या पोटांत सुरुवातीस एक मजकूर भरावा लागतो, त्याचें नांव फर्मवेअर. तो बहुधा कंपनीचा आणि बंदिस्त. डेबियन हा लिनक्समधील तत्त्वनिष्ठ संप्रदाय. त्यानें असला मजकूर आपल्या अधिकृत स्थापनासंचांत वर्षानुवर्षें शिवूं दिला नाहीं. शेवटीं २०२२ सालीं सभासदांचीं मतें घेऊन हें सोंवळें सैल करण्यांत आलें, आणि २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर संचाबरोबरच येऊं लागलें. माझ्या मतें हें योग्यच झालें. जाळें मिळविण्याचें औषध जाळ्यावरूनच आणावयाचें, हा शुद्ध अन्योन्याश्रय दोष होता.

आतां ज्या प्रसंगामुळें मीं या विषयांत लक्ष घातलें तो सांगतों. आमच्या आळींत एका रिक्षाचालकाची मुलगी आहे. ती तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयांत शिकते. आदल्या वर्षीं शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेंत गेला नाहीं, म्हणून तिच्या वडिलांनीं कर्ज काढून फी भरली होती, हें मला ठाऊक होतें. या खेपेस तिचे दाखले, गुणपत्रिका, सही, छायाचित्र वगैरे सर्व मीं माझ्या संगणकांत घेऊन, सांगितलेल्या मापाचें करून ठेविलें होतें. एका दाखल्याचा अंक मिळावयाचा होता तो शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं मिळाला. साडेसात वाजतां ती आली, आणि पाहतों तों संगणकास जोडणी नाहीं. अर्ज रात्रीं बारापर्यंतच घेत होते.

“सर, आज शेवटची तारीख आहे,” एवढेंच ती म्हणाली.

पुतण्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, “काका, तुम्ही कशाला त्रास घेतां? शनिवारीं मी येतोंच आहें. नाहीं तर आतां सरळ नवा लॅपटॉप घ्या.” शनिवार चार दिवसांवर होता.

न्यायशास्त्रांत कारण निश्चित करण्याची एक जुनी रीत आहे. एक वस्तु असतां दुसरी असते, हा अन्वय. ती नसतां दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कार्यकारणभाव मानावा. मीं मुलीस तिच्या मोबाईलवरील कंपनीचें नेट बंद करावयास सांगितलें, आणि मग तोच मोबाईल संगणकाशेजारीं ठेवून आमच्या राउटरला जोडावयास लाविला. तो तत्काळ जोडला गेला, पानेंहि उघडलीं. एवढ्या एका प्रयोगानें राउटर, त्याच्या मागची तार, सेवा देणारी कंपनी आणि मधली हवा हीं चौघें निर्दोष सुटलीं. कंपनीचें नेट बंद करणें येथें अगत्याचें असतें. नाहीं तर मोबाईल दुसऱ्याच वाटेनें जातो आणि आपण भलत्याचीच साक्ष खरी मानतों. पुष्कळ घरांत या वेळीं राउटर चार वेळां बंद-चालू करीत बसतात. त्यानें कधीं काम होतेंहि, पण तें काकतालीय. कावळा बसला आणि फांदी मोडली, यांतून फांदीविषयीं कांहीं कळत नाहीं.

आमच्या राउटरला जोडलेल्या त्या मोबाईललाच केबल लावून त्याच्यामार्फत संगणकास जाळें देतां येतें. ‘यूएसबी टेदरिंग’ असें त्यास नांव आहे. अन्योन्याश्रयांतून सुटण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग. तोहि करून पाहिला. परंतु घरांत होती ती केबल निव्वळ बॅटरी भरण्याची निघाली, तिच्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नव्हत्याच. तेव्हां संगणकाचीच उलटतपासणी करणें आलें.

प्रथम ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली. संगणकाला यूएसबीनें काय काय जोडलें आहे तें ती सांगते. त्या यादींत आमचा बोटभर लांबीचा बिनतारी ग्राहक आपल्या क्रमांकासह हजर होता. म्हणजे वस्तु जिवंत आहे आणि खोबणींत नीट बसली आहे. दुसरी आज्ञा ‘आरएफकिल लिस्ट’. कित्येकदां रेडिओ कोणी मुद्दाम वा चुकून बंद केलेला असतो. त्यांत दोन प्रकार आहेत: मऊ बंदी आज्ञेनें उठते, कठीण बंदी यंत्रावरची कळच फिरवावी लागते. येथें बिनतारी यंत्राचें नांवच नव्हतें, मग बंदी कोणावर? तिसरी आज्ञा ‘आयपी लिंक’. तिनें दोनच नांवें दिलीं. एक ‘एलओ’, म्हणजे संगणकाचें स्वतःशींच असलेलें बोलणें. दुसरें तारेच्या खोबणीचें. ‘डब्ल्यूएल’ या अक्षरांनीं आरंभ होणारें बिनतारी नांव त्यांत नव्हतें. वस्तु आहे, पण तिला नामकरण नाहीं! नामकरण करतो तो सारथि. तेव्हां सारथीच गैरहजर, हें ठरलें.

पण काल होता तो आज गेला कोठें? काल आणि आज यांत भेद काय, हा प्रश्न अशा वेळीं सर्वांत किफायतशीर असतो. मी या यंत्राची एक वही ठेवितों. तींत प्रत्येक फेरफाराची तारीख असते. ‘यूनेम’ या आज्ञेनें लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, आवृत्तिक्रमांक काढला व वहींतल्याशीं ताडून पाहिला. दोन्ही निराळे! आदल्या रात्रीं संगणकानें नव्या सुधारणा घेतल्या होत्या आणि त्यांबरोबर नवा गाभा आला होता. गाभ्याच्या प्रत्येक आवृत्तीची सारथ्यांची पागा वेगळी असते. आमच्या ग्राहकाचा सारथि गाभ्याबरोबर येणारा नव्हता. तो पुतण्यानें हातानें घडवून जुन्या पागेंत बांधलेला होता. नव्या पागेंत त्याला कोणी आणणार?

सुदैवानें लिनक्स नवा गाभा आला म्हणून जुन्याला लगेच घराबाहेर काढीत नाहीं. संगणक सुरू होतांना एस्केप कळ दाबली असतां (कांहीं यंत्रांवर शिफ्ट) एक यादी दिसते; तींतील प्रगत पर्यायांत जुने गाभे असतात. जुना निवडला. मिनिटभरानें पडद्याच्या कोपऱ्यांत त्या वर्तुळखंडांची खूण उमटली. जुना गाभा असतां जोडणी आहे, नसतां नाहीं. अन्वयहि झाला आणि व्यतिरेकहि. मुलीनें अर्ज भरला, मीं आंकडे वाचून दाखविले, आणि नऊ वाजून वीस मिनिटांनीं पावती आली. ती तिनें दोनदां छापून घेतली.

कायमचा उपाय दुसऱ्या दिवशीं सावकाश केला. नव्या गाभ्याच्या ‘हेडर’ नांवाच्या फायली उतरवून घेतल्या आणि तोच सारथि ‘डीकेएमएस’ या सोयीमार्फत पुन्हां बसविला. या सोयीचें काम एवढेंच कीं, नवा गाभा आला कीं त्याच्या मापाचा सारथि तिनें आपण होऊन घडवावा. हेडर नसतील तर मात्र तिचाहि इलाज चालत नाहीं. त्यानंतर दोनदां गाभा बदलला. जोडणी अभंग आहे. पुतण्यास हें कळविलें तेव्हां तो हंसला व म्हणाला, “काका, मीच तसें करावयास हवें होतें.” शनिवारीं तो आला तो जेवावयासच.

या प्रकरणानंतर आळींतले इतर लोकहि आपापलीं दुखणीं घेऊन येऊं लागले. त्यांत एक प्रकार वारंवार आढळला: जोडणीची खूण आहे, पण पान उघडत नाहीं. येथें मी ‘पिंग’ या आज्ञेनें आधीं घरच्या राउटरला हाक मारतों, मग ८.८.८.८ या बाहेरच्या आंकडेरूप पत्त्यास, आणि शेवटीं एखाद्या संकेतस्थळास नांवानें. आंकड्याला ओ येते आणि नांवाला येत नाहीं, तर दोष नांवाचा आंकडा करून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेंत, जोडणींत नव्हे. मीमांसक शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानतात, नैयायिक तो संकेतानें ठरलेला मानतात. जाळ्याचा व्यवहार पाहतां तेथें नैयायिकांचा पक्ष निर्विवाद आहे: नांव कोणत्या आंकड्याचें, हें कोणाला तरी विचारावेंच लागतें.

एका सेवानिवृत्त स्नेह्यांच्या लॅपटॉपची जोडणी दर थोड्या वेळानें डुलकी घेई. ती वीज वांचविण्याची सवय होती. नेटवर्क-मॅनेजरच्या मांडणींत वायफाय-पॉवरसेव्ह या नांवापुढें ३ होते, तेथें २ लिहिल्यावर ती गेली. दुसऱ्या एकाचा ग्राहक संगणकाच्या पाठीमागें, पत्र्याच्या पेटीच्या आड आणि भिंतीला तोंड करून बसला होता. शेजारच्या यूएसबी ३ च्या खोबणींतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत गोंगाट होतो तो वेगळाच. हातभर लांबीची जोडकेबल लावून ग्राहक मेजावर आणला. कोणतीहि आज्ञा न देतां काम भागलें. कोंकणांतल्या दीड-दोन फुटी चिऱ्याच्या भिंतींपुढें मोठमोठ्या राउटरांचा वेग ओटीवरच संपतो, हेंहि येथेंच सांगून ठेवितों.

मात्र कोठें तरी छापलेल्या दहा आज्ञा अर्थ न पाहतां एकामागून एक देणें, आणि त्याहि सर्वाधिकार घेऊन, याचा मला मनस्वी तिटकारा आहे. दुसऱ्याच्या रोगावरचा काढा आपण पिण्यासारखेंच तें. एका वेळीं एकच फेरफार करावा, त्याचा परिणाम पाहावा, न जुळल्यास तो परत फिरवावा आणि वहींत लिहावा. दहांतल्या कोणत्या आज्ञेनें गुण आला हें ज्याला सांगतां येत नाहीं, तो पुढच्या बिघाडाच्या दिवशीं पुन्हां पहिल्या पायरीवरच उभा असतो.

जुन्या संगणकांविषयीं एक गोष्ट राहिली. जोडणी आहे, आंकडा ओ देतो, नांवहि ओ देतें, आणि तरी प्रत्येक पान ‘असुरक्षित’ म्हणून नाकारलें जातें, अशी तक्रार आली तर आधीं संगणकाची तारीख पाहावी. आंतल्या घड्याळाची गोल बॅटरी संपली म्हणजे वीज काढतांच तारीख कित्येक वर्षें मागें जाते, आणि संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची मुदत तिला अजून सुरूच झालेली दिसत नाहीं. ती बॅटरी रुपयाच्या नाण्याएवढी असते, तिच्यावर सीआर२०३२ असें लिहिलेलें असतें, आणि आमच्या गांवांत ती घड्याळजीकडे मिळते.